खेळातील शस्त्र आणि खेळाडूचे मन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे गडी तो काढू पाहतात. सावरगावचे त्यांना दगडांनी अडवतात. झेंडा हाती आला की दगडफेक थांबते व तो चंडीमातेला अर्पण होतो. या खेळात माणसे मेली आहेत, कित्येक जायबंदी झाली आहेत. म्हणून प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. लोकांनी दगडच उचलले.

खेळाडूच्या हातचे शस्त्र काढून घेणे न्याय्य केव्हा ठरते? या प्रश्नाने मला एका निराळ्याच खेळाकडे नेले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. मंडळी टेबलाभोवती बसतात; एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि प्रसंगाचा निकाल फासे देतात. त्यात प्रतिपक्षाचे शस्त्र पाडता येते, तसेच मंत्राने त्याचे मनही ताब्यात घेता येते. तलवार पायाशी पडली तरी गडी ती उचलतो, मुठी वळतो किंवा पळ काढतो; ठरवणारा तोच असतो. मन गेले की मात्र त्याच्याच पात्राकडून मित्रावर वार करवला जातो आणि तो बिचारा पाहत बसतो. खेळायला आलेल्याचा खेळच काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. नियम करणाऱ्यांनाही याची जाण असावी. मंत्र पडताना तो परतवण्यासाठी फासा टाकता येतो. २०१४ च्या आवृत्तीतील मन काबीज करणाऱ्या मंत्रात तर प्रत्येक घाव बसताच पुन्हा संधी मिळते.

आपल्या विराटपर्वातही अर्जुनाने संमोहनास्त्र सोडताच कौरवांच्या हातची धनुष्ये गळून पडली. पण त्याचा प्रतिकार जाणणारे भीष्म सावध राहिले. आणि मोहित वीरांवर अर्जुनाने बाण टाकला नाही. उत्तराने वस्त्रे तेवढी आणली!

आता नदीवर परत येऊ. तेथे रक्त खरे असते. कपाळावर गोटा बसलेल्याला दुसरा फासा मिळत नाही. म्हणून दगड काढून घेण्यात मला अन्याय दिसत नाही. झेंडा राहतो, दोन काठ राहतात, चपळाई राहते. अडले ते दुसरीकडे. टेबलावरचे नियम खेळणारे आधी मान्य करतात. चेंडू मात्र प्रशासनाकडून आले. शिवाय ‘वाडवडिलांपासून चालत आले’ या शब्दांची भूल कोणत्याही मंत्राहून जबर. टेबलावरच्या गड्याला आपण मंत्राखाली आहोत हे ठाऊक असते. पात्रात उतरलेल्या पोराला ते आपलेच मन वाटते.

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. जिल्ह्याची कचेरी आता गावातच आहे. पोळ्याआधी महिनाभर दोन्ही काठांची जाणती माणसे आणि प्रत्यक्ष उतरणारी पोरे यांना तेथे एकत्र बसवावे. बोलण्याची पहिली पाळी पोरांची असावी. चेंडूने झेंडा कसा राखायचा, याची युक्ती सावरगावचे गडीच काढतील.