गळ आणि जाळे यांची खरेदी



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो किमान वेतनावर बोलणार, असे श्रोते धरून येतात. मी आज मासे धरण्याच्या सामानाच्या खरेदीवर बोलणार आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात आणि त्याच्या कडेला पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी मोठी धरणे झाली. जिथे पूर्वी नदीचा डोह होता तिथे आता मैलोगणती पाणी आहे, आणि त्या पाण्यावर भोई समाजातील कितीतरी घरांची चूल पेटते. गिरणीतला माग मालकाचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. भोयाचे जाळे मात्र भोयाचेच, असे आपण समजून चालतो. ते कितपत खरे, हे पाहायचे आहे. पण आधी वस्तू पाहू. वस्तू न पाहता तिच्या मालकीवर बोलणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत.

गळ घ्यायचा तो माशाचे तोंड पाहून. आपल्या तळ्यातली मरळ घ्या. पाणवेलीत दबा धरून बसते, बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालते. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात मस्की नावाचा असाच एक दांडगा शिकारी मासा असतो. तो इतका दुर्मिळ आणि हट्टी, की त्याला तिकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. त्याच्यासाठी तिकडचे हौशी लोक वीतवीतभर लांबीची रंगीत आमिषे विकत घेतात. आपली मरळ त्याच्या मानाने लहान, पण वृत्ती तीच. म्हणून आता आपल्याकडेही तिच्यासाठी रबरी बेडूक मिळू लागले आहेत. बेडूक घेताना रंगावर भाळू नये. तो बोटांत दाबून पाहावा. दाबताच रबर बसले आणि गळाची टोके उघडी पडली, तर माल चांगला. रबर ताठ असेल तर मरळ चावून सोडून देते आणि आपण हात चोळत बसतो.

गळाच्या नंबरात नवखा माणूस हमखास फसतो. 10 नंबरचा गळ 4 नंबरपेक्षा लहान असतो. 1 नंबरानंतर मोजणी उलटते. 1/0, 2/0 असे गळ मोठे होत जातात. शिवाय सगळ्या कारखानदारांचा नंबर सारखा नसतो, म्हणून जुना गळ खिशात घालूनच दुकानात जावे. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढावे. रुतले तर धार आहे, घसरले तर तो गळ परत ठेवावा. मग पकडीने थोडा ताण द्यावा. सरळ होणारा गळ मऊ लोखंडाचा, कट्कन तुटणारा फाजील पाणी दिलेला, दोन्ही नकोत. नायलॉनचा एकपदरी दोरा 0.40 मिलिमीटर जाडीचा घेतला तर साधारण दहा किलोच्या आसपास ताण सोसतो, परंतु गाठीपाशी त्याचे बळ कमी होते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, आणि उन्हात महिनोन् महिने टांगलेले रीळ स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगणार नाही. पावसाळ्यात मरळीची लालसर पिले थवा करून पाण्याच्या वर येतात आणि आईबाप त्यांच्याखाली राखण करतात. त्या वेळी मरळ समोर येईल त्यावर तुटून पडते. कसलाही गळ चालतो. एक मरळ निघते आणि तो सगळा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

आता जाळे. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची किंवा सणाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढावी लागत. 1957 साली कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली, कृत्रिम धाग्याचा प्रसार झाला आणि हा खटाटोप संपला. नायलॉन कुजत नाही हा त्याचा गुण, आणि दोषही तोच. धरणात तुटून राहिलेले जाळे पुढे कित्येक दिवस मासे मारीत राहते आणि ते कोणाच्याच पदरात पडत नाहीत.

जाळे बाजारात वजनावर मिळते. हे नीट लक्षात घ्यावे. सूत तेच असेल तर बारीक आसाच्या एक किलो जाळ्यात कमी पाणी झाकले जाते, मोठ्या आसाच्या जाळ्यात जास्त. म्हणजे हिशेबाने मोठा आस स्वस्त पडायला हवा. बारीक आस स्वस्त दिसतो, तो सूत पातळ केल्यामुळे. आणि असे जाळे एका हंगामात फाटते. आस मोजताना तो ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजावा. आणखी एक : 100 मीटर जाळे दोरीवर चढवताना सुमारे 50 मीटरच धरावे. कापड बेताने शिवावे तसे जाळे ताणून बसवले, तर त्यात मासा अडकत नाही, आपटून माघारी फिरतो.

मग इतके सरळ गणित असताना बारीक आसाचे जाळे का घेतले जाते? कारण खरेदी करणारा पुष्कळदा भोई नसतोच. हंगामाच्या तोंडाशी घरात रोकड नसते. मासळीचा व्यापारी जाळे उधार देतो, पण मासा त्यालाच घालायचा, त्याने ठरविलेल्या भावाने. त्याला आपली रक्कम लवकर वसूल व्हायची असते, म्हणून रोज काहीतरी वजन काट्यावर पडले पाहिजे. कटला आणि रोहू पुढच्या वर्षी मोठे होतील, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. किलोभराचा होऊ शकणारा मासा पावशेराचा असतानाच निघतो. जाळे भोयाच्या खांद्यावर असते, पण त्याचा आस व्यापाऱ्याच्या वहीत ठरलेला असतो. माझे आयुष्य हमालांच्या आणि बिगाऱ्यांच्या मजुरीचे हिशेब करण्यात गेले. उचल घेतलेला माणूस भाव बोलू शकत नाही, हे त्या हिशेबात पहिल्या पानावर असते.

मच्छीमारांच्या सहकारी संस्था आपल्याकडे आहेत. त्या तलावाचा ठेका घेतात, बीज सोडतात. जाळ्याची खरेदी मात्र ज्याची त्याने करायची. ती संस्थेने एकदम करावी, घाऊक भावात, आणि आसाचे माप सभेत ठरवून. 2018-19 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही खुले झाले, आणि 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कागद आता हाताशी आहे. तो घेऊन बँकेच्या खिडकीपाशी एकट्याने जाऊ नये, पंधरावीस जणांनी मिळून जावे. एकट्याला 'उद्या या' म्हणणे सोपे असते.

आणि जाळे आणल्यावर त्याची निगा. गोड्या पाण्यात खळबळून त्याचा चिकटा काढावा, सावलीत वाळवावे, आणि आढ्याला उंच टांगावे. माशाचा वास राहिलेले जाळे कोपऱ्यात टाकले, की उंदीर ते एका रात्रीत कुरतडतात, आणि हप्ता मात्र भरावाच लागतो.