‘फड’ शब्दाचा अर्थविचार
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



‘आमची मंडळी फडात आहेत’ असे आपल्या बीड जिल्ह्यात कोणी म्हटले, तर कोणता फड हे महिन्यावरून ओळखावे लागते. आषाढात तो वारकऱ्यांचा असतो, दिवाळीनंतर उसाचा. या एका शब्दाचा विचार आज आम्ही आपणापुढे मांडणार आहोत.

वारकरी संप्रदायात ‘फड’ ही नेमक्या अर्थाची संज्ञा आहे. एका परंपरेत माळ घेतलेल्या वारकऱ्यांचा समुदाय म्हणजे फड. वासकर, देहूकर, आजरेकर हे फड प्रसिद्धच आहेत. एका फडात अनेक दिंड्या असू शकतात. दिंडी म्हणजे विणेकरी, मृदंगी, टाळकरी व पताकाधारी यांचे चालते पथक. कोणते अभंग कोणत्या क्रमाने म्हणावेत, कीर्तनसेवा कोणी करावी, हे फडाच्या शिस्तीने ठरते.

हाच शब्द तमाशाला आणि कुस्तीलाही लागतो. सरकारी कचेरीलाही फड म्हणत. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शेतकरी बंधाऱ्याचे पाणी ‘फड पद्धती’ने वाटून घेत आले; तेथे एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. अर्थ निरनिराळे असले, तरी एका नियमाखाली माणसे एकत्र येणे हे सूत्र बहुतेकांत दिसते.

उसाच्या फडालाही नियम आहे. मुकादम उचल देतो, टोळी जमवितो, आणि पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसे दोन, हात चार, परंतु हिशेबात एकच हत्यार! सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती खाली ठेवीत नाहीत. उसाच्या फडावर मात्र शाळकरी मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते आणि तिची पाटी खाली राहते.

२०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृह योजना मंजूर केली व तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. बाबांचा (१८९६–१९६५) जन्म आपल्याच जिल्ह्यातील सावरगाव घाट येथला. कीर्तनकाराचे नाव उसतोडीच्या लेकरांच्या वसतिगृहाला लाभले, यात फडाचे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

तथापि प्रत्येक मुलाला वसतिगृहात जागा मिळेलच असे नाही, आणि सहा वर्षांच्या लेकराला घरच हवे असते. आपल्यापैकी जी कुटुंबे गावी राहतात, त्यांनी दिवाळीपासून हंगाम संपेपर्यंत एकेक मूल आपल्या घरी ठेवून घ्यावे, त्याची शाळा चुकू देऊ नये, अशी आमची विनंती आहे. मूल आपल्या ज्ञातीचे की परक्या, हे विचारू नये. वारीत शेजारी चालणाऱ्याला तसे विचारणे शोभत नाही.

कार्यवाहांपाशी वही ठेवली आहे. मेळावा संपण्यापूर्वी तीत नावे लिहिली जावीत, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.