पन्नाशीनंतरची नोकरी

सोलापूरला अनुभवी माणसानं नव्यानं काम शोधणं नवीन नाही. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णू गिरणीचाही भोंगा थांबला, तेव्हा अनेक कसबी हातांना नवं काम शोधावं लागलं.

आज पन्नाशीतला वीव्हिंग मास्तर काम शोधतो, तेव्हा बायोडाटात 'तीस वर्षांचा अनुभव' एवढंच लिहून भागत नाही. किती माग सांभाळले, वाया जाणारं सूत किती कमी केलं, रेपियर मागावर काम केलंय का, हे नेमकं लिहा. मागाचा आवाज बदलला की बिघाड कुठे आहे हे कानाला कळतं, ही विद्या कागदावर आपोआप उतरत नाही.

जुने सहकारी, सूत व्यापारी, यंत्रं पुरवणारे यांना स्वतःहून फोन करा. त्यात कमीपणा नाही. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत चक्कर मारा. सरकारच्या महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवर नाव नोंदवा. नोंदणी मोफत आहे.

नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच ठेवा. निवृत्तिवेतनासाठी किमान 10 वर्षांची पात्र सेवा लागते, म्हणून आधीच्या नोकऱ्यांतली सेवा जोडून घ्या.

आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.