परसाकडे

आजचा विषय चारचौघांत काढायचा नसतो. पण गडावर जाणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच.

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. सुळक्याच्या पायाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. किल्ल्यावर शिलालेख मराठीतही आहे आणि फारसीतही. राज्यं बदलली, पण गडावरच्या माणसांची तहान याच पाण्यानं भागवली.

१९९० च्या पावसाळ्यात आम्ही कॉलेजची मुलं तिथं गेलो होतो. पहाटेची एसटी, स्टँडवरची तिखट मिसळ; वर पोचलो आणि माझ्या पोटात कळ आली. धुकं दाट होतं. जवळच्याच उतारावर मी उरकून आलो. थोड्या वेळानं जोराची सर आली, आणि त्या उतारावरचे ओघळ टाक्याकडे निघाले. मित्र तिथं बाटली भरत होता. ‘भरू नकोस’ एवढंच मी म्हणालो. का, ते सांगायची लाज वाटली. मागून येणाऱ्यांना तर तेवढंही सांगितलं नाही.

घरी दादीजवळ मात्र कबूल केलं. ती म्हणाली, “परसाकडे जाणं म्हणतात ते उगाच का? तू तर माजघरात बसलास!” पाणवठा, वाट आणि सावलीची जागा इथं बसू नये, ही हदीसची शिकवण तिला ठाऊक होती. शेजारच्या काकूही टमरेल घेऊन लांबच जात. घरात संडास आले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण उघड्यावरची जुनी शिस्त त्यासोबत विसरली गेली.

म्हणून साधं सांगतो. चढण्याआधी पायथ्याशीच मोकळं व्हावं. रानात वेळ आलीच, तर पाण्यापासून आणि वाटेपासून ऐंशी-शंभर पावलं दूर जावं. वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर मातीनं बुजवावा. वरच्या थरातले जिवाणू घाण लवकर कुजवतात. गडमाथ्यावर कातळ असतो, तिथं खड्डा होत नाही. तिथं पिशवीत बांधून खाली आणावं. कागद, ओले रुमाल, सॅनिटरी पॅड हेही परत आणावेत. कावीळ, टायफॉईड पाण्यातूनही पसरतात. शिवाय कर्नाळा पक्ष्यांचं अभयारण्य आहे. त्यांना बाटलीबंद पाणी मिळत नाही.

गट घेऊन जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हे मोठ्यानं सांगावं, मुलींनाही संकोच न वाटेल असं. मला १९९० मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी आज सांगितलं आहे.