काळाचे माप कोणाच्या हाती?

(हदगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



१ ऑगस्ट हा दिवस तालुक्याच्या गावातील कार्यकर्त्याला दरवर्षी पेचात टाकतो. १९२० साली याच तारखेला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि याच तारखेला अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. दोन तसबिरी एकाच टेबलावर ठेवून हार घातले जातात. मग एखादा तरुण विचारतो, की टिळकांचे जातिविषयक विचार ठाऊक असूनही हा हार कशासाठी? व्यासपीठावरून ठराविक उत्तर येते : ‘तो काळच तसा होता.’ तरुण गप्प बसतो. पण त्याचे समाधान झालेले नसते.

हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. प्रत्येक माणूस आपल्या काळाने बांधलेला असतो आणि कालच्या माणसाकडून आजची भाषा मागणे अन्यायाचे आहे. परंतु ‘काळ’ म्हणजे नेमके कोण? बाजारात भाव ठरतो तो ज्यांच्या गाठीला पैसा आहे त्यांच्या मागणीवरून. उपाशी माणसाची भूक कितीही खरी असली तरी पैशावाचून ती मागणी म्हणून मोजली जात नाही. ‘काळाचे मत’ही असेच ठरते. छापखाने, सभागृहे आणि शाळा ज्यांच्या हाती, त्यांचे मत तेच काळाचे मत म्हणून इतिहासात नोंदले जाते. ज्यांच्याविषयी ते मत होते, ती माणसेही त्याच काळात जगत होती, हे हिशेबातून गळते.

दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचे उदाहरण घ्यावे. १८९३ नंतरच्या त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात आफ्रिकी लोकांना हिंदी लोकांपेक्षा हीन लेखणारी भाषा आहे. त्या लेखनाच्या आधारे घानाच्या विद्यापीठातून २०१८ मध्ये त्यांचा पुतळा हलवण्यात आला. नेल्सन मंडेला यांनी १९९५ मध्ये याउलट असे लिहिले होते, की गांधीजींचे ते पूर्वग्रह त्या काळाच्या आणि परिस्थितीच्या संदर्भात पाहून क्षम्य मानावेत. ज्या समाजाचा अवमान झाला त्याच्याच नेत्याने दिलेली ही क्षमा मोलाची आहे. परंतु क्षमा आणि समर्थन एक नव्हे. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाजवळच, इनांडा येथे, जॉन दुबे यांची ओहलांगे ही शिक्षणसंस्था उभी होती. हेच दुबे १९१२ मध्ये आफ्रिकी राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. आफ्रिकी माणूस स्वतःची संस्था चालवू शकतो याचा पुरावा गांधीजींच्या शेजारीच होता. गांधीजींची दृष्टी पुढे बदलत गेली, हेही तितकेच खरे. १९०८ च्या जोहान्सबर्ग येथील भाषणात सर्व वंशांच्या मिलाफातून नवी संस्कृती घडावी, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

महाराष्ट्राला तर अशा पुराव्यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि अवघ्या आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यासाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी पुढे निक्षून सांगितले; तथापि जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे, हे फुल्यांनी ओळखले होते. तेव्हा एकोणिसाव्या शतकाचे माप म्हणून फुल्यांचे माप का धरू नये?

टिळकांना हे माप अपरिचित नव्हते. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्या जामिनासाठी पुढे आले ते फुल्यांचे स्नेही रामशेट उरवणे. स्वतः आगरकर टिळकांप्रमाणेच १८५६ मध्ये जन्मलेले, त्याच डेक्कन कॉलेजात शिकलेले, त्याच डोंगरीच्या तुरुंगात राहिलेले. काळ एकच, तरी सामाजिक प्रश्नांवर वाटा दोन झाल्या. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या; त्यानंतर पंधरा वर्षांनी, माँटेग्यू सुधारणांच्या चर्चेच्या दिवसांत, अथणीच्या सभेत टिळकांनी कष्टकरी जातींच्या प्रतिनिधित्वाच्या मागणीची टिंगल केली. १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेचा जळजळीत निषेध केला. पण वैयक्तिक आचरणाच्या प्रतिज्ञापत्रकावर सही मात्र केली नाही.

याच टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, हेही विसरता येत नाही. जमा आणि नावे हे दोन रकाने एकमेकांत वळते करून शिल्लक काढण्याचा मोह टाळला पाहिजे. संपाने अथणीचे भाषण पुसले जात नाही आणि अथणीच्या भाषणाने मंडाले खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी शाबूत ठेवून हार घालता येतो, आणि तरुणाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरही देता येते : इतर लोक वेगळे बोलत होते, ते त्यांच्या कानांवर आलेले होते, आणि तरीही त्यांनी ही बाजू निवडली.

मराठवाड्याने हा प्रश्न भूतकाळावर सोडून मोकळे होऊ नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या. निजामाविरुद्ध झुंजलेले गोविंदभाई श्रॉफ नामांतराच्या विरोधात राहिले, एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने उभे राहिले. दोघेही स्वातंत्र्यसैनिक, दोघेही निःस्वार्थी. त्यांतील कोणाचे मत काळाचे मानायचे?

पुढची पिढी या घटना वाचील तेव्हा कोणीतरी समजुतीने म्हणेल, ‘तेव्हाचा मराठवाडाच तसा होता.’ त्या वेळी सांगणारा कार्यकर्ता असला पाहिजे, की याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावी १९७८ मध्ये मारले गेलेले पोचीराम कांबळे हेही तेव्हाच्याच मराठवाड्यातले होते.