वय झाले म्हणजे काय झाले?

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



वाढत्या वयाचा हाडे, सांधे, हृदय आणि रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, हा आजचा विषय आहे. सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझी आजी मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडले नव्हते, मुका मार होता. पण आम्ही प्रेमापोटी तिला खाटेवरून उठू दिले नाही. पाणीसुद्धा जागेवर दिले. महिन्याभरात पायांतले बळ गेले आणि ती पुन्हा आधाराशिवाय चालली नाही. 'वय झाले' असे सारे म्हणाले. मी तेव्हा डॉक्टरकीचे शिक्षण घेत होतो; मीही तेच म्हणालो. त्यात वयाचा वाटा किती आणि आमच्या प्रेमाचा किती, हे मला फार उशिरा समजले.

प्रथम हाडे पाहू. हाड ही निर्जीव वस्तू नाही. जुने हाड काढून टाकणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी तेथे जन्मभर राबत असतात. साधारण तिशीपर्यंत जमा अधिक असते. पुढे हळूहळू खर्च वाढतो. पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते, कारण हाडांचे रक्षण करणारे संप्रेरक कमी होते. हाड ठिसूळ झाले की साध्या पडण्यानेही मनगट किंवा खुबा मोडतो. मणक्यांमधल्या चकत्यांतील पाणी कमी होते, म्हणून उंचीही थोडी घटते.

सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला की आतले वंगण दाबले जाते व त्यातून कूर्चेला पोषण मिळते. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून कायमचे बसून राहणे हे त्याला उपाशी ठेवण्यासारखे आहे. भार मात्र कमी करावा. शरीराचे एक किलो वजन घटले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

आता हृदय. स्वस्थ बसले असताना म्हाताऱ्या माणसाची नाडी तरुणापेक्षा फारशी वेगळी नसते. श्रमाच्या वेळी ती जेवढी वाढू शकते, ती मर्यादा मात्र खाली येते. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड होते व सैल पडायला वेळ घेते. धमन्यांतील लवचीक तंतू तुटतात, त्या ताठर होतात आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. पूर्वी '१०० अधिक वय' इतका दाब चालतो, असे पुष्कळजण मानत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीने हा समज खोटा ठरवला. वाढलेला दाब कोणत्याही वयात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतोच.

मग यातले काय अटळ आणि काय आपल्या हातचे? १९६६ साली डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची श्रमशक्ती पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली हानी त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली. उलट बाजूही पाहा. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातील ७२ ते ९८ वर्षांच्या माणसांना दहा आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात त्यांच्या स्नायूंचे बळ दुपटीहून वाढले.

तेव्हा ज्येष्ठांना माझी विनंती आहे. रोज झेपेल तेवढे चाला. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करा. अंथरुणातून एकदम उभे राहू नका. उठताना रक्तदाब सावरायला या वयात वेळ लागतो. नाचणी, दूध, तीळ, सुकट जेवणात असू द्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. थोडे ऊन अंगावर घ्या. पापड-लोणच्याचे मीठ आवरा. विडी, तंबाखू, मिश्री सोडा. रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्या आणि औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. मोरीत खरबरीत लादी आणि भिंतीला एक दांडी बसवा. चालताना छातीत दुखले किंवा दम लागला, तर त्याला वय न म्हणता डॉक्टरांना दाखवा. खुबा मोडला, तर 'आता या वयात कशाला' असे न म्हणता शस्त्रक्रियेचा सल्ला लगेच घ्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हाडांची जमा आजच होत आहे. मैदान सोडू नका. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांना केवळ 'बसा' म्हणू नका. हात पुढे करा आणि 'चला' म्हणा. मी माझ्या आजीला ते म्हटले नाही. तुम्ही म्हणा.