जुनी व्होल्वो, नवी पकड

स्वीडनची व्होल्वो 240 ही मोटार 1974 ते 1993 पर्यंत तयार होत होती. तिचं लांबलचक इस्टेट रूप आजही हौशी लोक जिवापाड जपतात. अशी गाडी वळणावर डोलू लागली की मालक आधी चकचकीत अलॉय व्हील शोधतो. माझ्या मते सुरुवात गाडीच्या पोटाखालून करावी. मागच्या अ‍ॅक्सलला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश कालांतराने चिरतात, सैल पडतात. मग अ‍ॅक्सल किंचित सरकतो आणि गाडी मागून भरकटल्यासारखी वाटते. बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे घातले, की निम्मं काम तिथेच होतं. थोडा जाड अँटिरोल बार झोल आणखी कमी करतो. स्प्रिंग मात्र फार कापू नयेत, ही सामान वाहणारी गाडी आहे!

चाकांचं गणित सोपं आहे. 185/70 चा 14 इंची टायर काढून 195/60 चा 15 इंची बसवला, तरी एकूण व्यास साधारण 615 मिलिमीटरच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. टायर घेताना त्याची भारक्षमता जरूर तपासा, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या.